शिष्यवृत्ती कशी मिळवावी : पांढरकवड्याच्या नवशिक्यांसाठी

बारावी झाली, यवतमाळला नाहीतर अमरावतीला शिकायचे ठरले आणि घरात पैसे नाहीत, एवढी पूर्वतयारी झाली असेल तरच पुढे वाचावे.

सुरुवात महाडीबीटी पोर्टलपासून करावी. तालुक्यांच्या यादीत 'पांढरकवडा' शोधत बसू नये. आपण राहतो पांढरकवड्यात, तहसीलही पांढरकवड्यातच, पण सरकारदरबारी तालुका केळापूर. जगदंबेच्या दर्शनाला जातो तेच ते. सर्व्हर दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, म्हणून अर्ज जेवणानंतर भरावा. ओटीपी ज्या मोबाइलवर येणार तो बाबांसोबत वावरात गेलेला नाही, याची आधी खात्री करावी.

कोणती योजना घ्यावी? योजना भरपूर आहेत, त्याबद्दल शासनाला नावे ठेवता येणार नाहीत. अनुसूचित जाती-जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिला पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते. त्याच्या वर गेलात तर फ्रीशिप, म्हणजे फी मिळेल, पोट आपापले भरावे. खुल्या प्रवर्गाला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क योजना आहे, मर्यादा आठ लाख. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत 2024 पासून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलीच्या वडिलांनी हे ऐकून लगेच पेढे वाटू नयेत. आधी फीच्या पावतीवर या दोन शुल्कांखाली आणखी किती ओळी आहेत ते बघावे. पीएम विद्यालक्ष्मी नावाचे कर्जही आहे. योजना आली तेव्हा त्याच्या यादीत देशभरातल्या 860 संस्था होत्या. आपले कॉलेज त्यात आहे का, हे शोधायला फार वेळ लागत नाही.

आता कागद. उत्पन्नाचा दाखला 31 मार्चला मरतो, म्हणून मागच्या वर्षीचा जपून ठेवण्यात अर्थ नाही. यंदा पराटी बोंडअळीने खाल्ली, तेव्हा उत्पन्न किती लिहावे, हा प्रश्न तलाठ्यासमोर मोठ्याने विचारू नये.

खरी कसोटी जात वैधतेची. आपला मुलूख कोलाम, गोंड, परधानांचा. म्हणूनच आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय इथे आहे, ही मोठी सोय. पण अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा बघतात. म्हणजे पणजोबांनी शाळेत नाव घातले असावे, मास्तरांनी दाखल-खारीज रजिस्टरात जात नीट लिहिलेली असावी आणि ते रजिस्टर वाळवीने सोडलेले असावे. पणजोबा शाळेत गेलेच नसतील, तर कोतवाल बुकाची नक्कल काढावी. तिथे निदान जन्मलेल्याची नोंद असते, शिकलेल्याची नव्हे. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक, असे सरकारच सांगते. अशा घरात पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा शाळेचा कागद मागणे म्हणजे काय, यावर विचार करू नये. अर्जाची मुदत निघून जाते. कागद अपुरे पडले तर समिती दैवते, लग्नविधी, बोली असे काही विचारू शकते. पॉलिटेक्निकला निघालेल्या मुलाने त्यासाठी आजीजवळ दोन संध्याकाळी बसावे. ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटले आहे. तेही लक्षात ठेवावे, पण टेबलासमोर पाठ म्हणून दाखवू नये.

अर्ज 'अंडर स्क्रूटिनी' दिसू लागला की तो आधी कॉलेजच्या बाबूकडे असतो, मग प्राचार्यांकडे, मग जिल्ह्याला. परत आला तर कारण वाचावे. फोटो अस्पष्ट, हे कारण असेल तर आनंद मानावा.

पैसे खाते क्रमांकावर येत नाहीत, आधारवर येतात. आधारला शेवटी जे खाते जोडले गेले तिकडे ते जातात. मागे मोबाइलच्या दुकानात सिमकार्ड घेताना कोणी अंगठा घेऊन खाते उघडून दिले असेल, तर शिष्यवृत्ती तिथे मुक्कामाला असू शकते. बँकेत जाऊन एनपीसीआयची जोडणी तपासावी. हा या मार्गदर्शिकेतला एकमेव गंभीर सल्ला आहे.

राहण्या-खाण्याचे काय? आदिवासी मुलांसाठी शासकीय वसतिगृहे आहेत. तिथे जागा मिळाली नाही, तर 2016 पासूनची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. म्हणजे आधी जागेसाठी अर्ज करावा आणि मग ती मिळाली नाही याचा फायदा घ्यावा. योजना आली तेव्हा यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला 43,000 रुपये ठरले : भोजनाला 25,000, निवासाला 12,000, निर्वाहाला 6,000. महिन्याला हजार रुपयांत खोली शोधायची कला आमच्या मुलांना उपजतच असते, असे धोरणकर्त्यांनी गृहीत धरले असावे.

जाता जाता इतिहास. 1913 साली बडोद्याच्या सयाजीरावांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबियासाठी दरमहा साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षे. बदल्यात दहा वर्षे बडोद्याची नोकरी, असा करारही लिहून घेतला. अटी तेव्हाही होत्याच, पण त्यांना अर्ध्या वर्षात 'सेंट बॅक' झाल्याचा मेसेज आला नसावा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जातींना 1944 साली सुरू झाली, ती बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना. जमातींना ती पुढच्या चार-पाच वर्षांत मिळाली.

शेवटचे कलम उधारीचे. या योजनांचा खरा पाया तोच. जूनमध्ये कॉलेज सुरू होते आणि पहिला हप्ता येतो तेव्हा बऱ्याचदा परीक्षा तोंडावर असते. मधल्या काळात मामा, गावचा दुकानदार आणि खानावळीची मावशी हे तिघे शासनाच्या वतीने आगाऊ रक्कम भरतात, बिनव्याजी, बिनकागदी, आणि त्यांच्याकडे जात वैधता लागत नाही. म्हणून पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की नवा मोबाइल बघू नये. पहिल्यांदा खानावळीचे देणे फेडावे, कारण दुसऱ्या सत्रातही जेवायचे तिथेच आहे.