बसतं, पण चालत नाही

लॅपटॉपला दोन फोर-के मॉनिटर जोडायला घेतले आणि त्यातला एक काळाठिक्कर राहिला, की घरात, ऑफिसात आणि आयटी सपोर्टच्या फोनवर संशयाची सुई एकाच माणसाकडे वळते. तो म्हणजे जोडणारा. ‘‘वायर नीट बसलीय का?’’ हा पहिला प्रश्न, आणि ‘‘काढून परत लावून बघा’’ हा पहिला, मधला आणि बहुधा शेवटचा सल्ला. माझं म्हणणं असं, की या खटल्यात भलताच आरोपी धरलाय. वायर नीटच बसलेली असते. हल्ली वायर न बसण्याची सोयच उरलेली नाही, आणि सगळी भानगड तिथेच आहे. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेला व्हीजीएचा जोड दिसायला ओंगळ होता. पंधरा पिना, दोन्ही कडेला दोन स्क्रू, ते पिळायला गेलं की मध्ये भिंत आडवी यायची, आणि घाईत दाबलं की एखादी पिन मान टाकायची. पण तो गडी सरळ होता. तो ज्या भोकात शिरे, तिथून चित्र येई. आणि जिथून चित्र यायचं नव्हतं, तिथे तो शिरतच नसे. आपल्या घरातल्या विजेच्या बोर्डाने हा शहाणपणा अजून टिकवलाय. गीझरची सोळा अँपिअरची जाड पिन सहा अँपिअरच्या छोट्या सॉकेटात जात नाही, आणि ही गोष्ट समजायला कुणाला पुस्तिका वाचावी लागत नाही. आकारच नाही म्हणतो आणि विषय संपतो.

मग २०१४ मध्ये टाइप-सी आलं. चोवीस पिना, नखाएवढं तोंड, सुलटं-उलटं कसंही घाला. जगाने टाळ्या वाजवल्या, आणि त्या रास्तच होत्या. फक्त या एकाच आकाराच्या भोकामागे काय दडलंय हे सांगायचं काम आकाराने सोडून दिलं. मागे नुसता डेटा असू शकतो, म्हणजे पेनड्राइव्ह चालेल आणि मॉनिटर नाही. डेटा आणि चार्जिंग असेल. डिस्प्लेपोर्टचं चित्र वाहून नेण्याची सोय असेल. किंवा थंडरबोल्ट असेल, ज्यात हे सगळंच येतं. एकाच लॅपटॉपच्या एकाच कडेला शेजारी-शेजारी दोन भोकं, एक चित्र देणारं आणि एक न देणारं, असंही घडतं. ओळख पटवायला खुणा आहेत म्हणतात. विजेचा बाण म्हणजे थंडरबोल्ट, आणि ‘डी’च्या पोटात ‘पी’ बसवलेलं चिन्ह म्हणजे डिस्प्लेपोर्ट. त्या बहुतेकदा काळ्या प्लास्टिकवर करड्या रंगात, मुंगीच्या उंचीच्या छापलेल्या असतात. लॅपटॉप आडवा धरून, मोबाइलचा टॉर्च मारून, चष्मा कपाळावर सरकवून त्या वाचाव्या लागतात. काही कंपन्या सौंदर्यदृष्टीने तेवढ्याही छापत नाहीत. वायरीचं तर बोलायलाच नको. फोनसोबत आलेली टाइप-सी वायर मॉनिटरच्या पाठीत घातली तर ती झकास बसते. मॉनिटर लॅपटॉपला चार्जही करू लागतो, बॅटरीच्या चित्रात वीज चमकते, माणूस सुखावतो. आणि पडद्यावर मात्र ‘नो सिग्नल’ अशी पाटी इकडून तिकडे तरंगून शेवटी मॉनिटर झोपी जातो. कारण त्या वायरीत विजेच्या आणि जुन्या यूएसबी २.०च्या तारा असतात, चित्र वाहून नेणाऱ्या जलद तारांचा तिच्यात पत्ताच नसतो. बाहेरून हे कळायला बहुधा काहीही मार्ग नसतो.

चित्राचं ओझं किती, हेही एकदा मांडून ठेवलेलं बरं, कारण कंपन्या ते मांडत नाहीत. जुन्या व्हीजीएचं चित्र ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचं. फोर-के मॉनिटरचं ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. भागून पाहिलं तर बरोबर २७ पट. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले आणि सेकंदाला साठ चित्रं पाठवली, तर एका मॉनिटरपायी दर सेकंदाला सुमारे दीड जीबी माल वायरीतून धावतो. एक अख्खी डीव्हीडी तीन सेकंदांत भरेल. दोन मॉनिटर म्हटले की दुप्पट. आता टाइप-सीमध्ये जलद लेन असतात चार. त्यातल्या दोन चित्राला आणि दोन यूएसबीला दिल्या, की डिस्प्लेपोर्ट १.२च्या वेगाने त्या दोन लेनमधून एका फोर-के मॉनिटरला सेकंदाला तीसच चित्रं मिळतात. चारही चित्राला दिल्या तर चित्र सुधारतं, पण पेनड्राइव्ह २००० सालच्या यूएसबी २.०च्या वेगावर येतो. बाजारातल्या कितीतरी स्वस्त डॉकच्या, म्हणजे एका भोकातून अनेक जोड काढणाऱ्या डब्यांच्या, खोक्यावर ‘ड्युअल फोर-के’ हे तळहाताएवढ्या अक्षरांत आणि ‘३० हर्ट्झ’ हे औषधाच्या बाटलीवरच्या अक्षरांत छापण्यामागचं गुपित हेच. तीस हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तीस वेळा, चित्र दिसतं, म्हणून कायद्याने तक्रार करता येत नाही. पण माउस हलवला की बाण हाताच्या मागून, नको असलेल्या पाहुण्याला स्टेशनवर सोडायला निघाल्यासारखा येतो, आणि खिडकी ओढली की ती धापा टाकत पोचते. डॉक बदलून, महागडी वायर आणून हे सुटत नाही, कारण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

‘‘मग विकत घेण्याआधी वाचा की,’’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. वाचायला कुणाची ना नाही. वाचायचं काय, ते पाहू. २००८ मध्ये यूएसबी ३.० आलं, वेग ५ गिगाबिट. २०१३ मध्ये त्याचंच नाव ३.१ जेन १ झालं आणि २०१७ मध्ये ३.२ जेन १. तीनदा बारसं झालं, वेग तोच राहिला. आणि यातलं कुठलंही नाव भोकातून चित्र येईल की नाही याबद्दल चकार शब्द काढत नाही. एचडीएमआयची गंमत याहून वरची. २०१७ मधल्या २.१ या आवृत्तीने ४८ गिगाबिटचा वेग आणला, म्हणून लोक ‘२.१’ बघून वस्तू घेऊ लागले. २०२१च्या अखेरीस उघड झालं, की २.१मधली नवी वैशिष्ट्यं ऐच्छिक आहेत आणि जुन्या २.०ची कुवत असलेल्या वस्तूवरही ‘२.१’ लिहायला नियमांची हरकत नाही. नियम मोडून फसवणूक झाली असती तर एक वेळ समजलं असतं. इथे नियमच फसवणुकीला पाट मांडून बसलेत. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात तर पुष्कळदा ‘१ × टाइप-सी’ एवढाच मंत्र असतो. तो घेऊन लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर जा आणि दोन फोर-के साठ हर्ट्झवर चालतील का विचारा. उत्तर येतं, ‘‘लागेल ना साहेब.’’ दुकानदार खोटं बोलत नाही. ते लागतंच.

दुसरा आक्षेप पैसेवाल्यांचा: स्वस्तात मस्त शोधता म्हणून ही वेळ येते, भारी घ्या आणि निवांत बसा. नोव्हेंबर २०२०मध्ये आलेला ॲपलचा एम१ चिपवाला मॅकबुक एअर काही स्वस्त नव्हता. त्याला भोकं दोन होती, दोन्ही थंडरबोल्टची, आणि बाहेरचा मॉनिटर मात्र एकच चाले. त्याच्या आधीचा, त्याच वर्षीचा इंटेल चिपचा एअर दोन फोर-के मॉनिटर हाकत असे. नवी चिप इतर बहुतेक बाबतीत जुनीला धूळ चारणारी होती, त्यामुळे ही उणीव कुणाला सुचण्यासारखीही नव्हती. मार्च २०२४मध्ये एम३चा एअर आला आणि दुसरा मॉनिटर मंजूर झाला, फक्त लॅपटॉपचं झाकण मिटायचं या अटीवर. म्हणजे दुसरा पडदा मिळवण्यासाठी आधी घेतलेला पडदा, कीबोर्ड आणि कॅमेरा बंद पेटीत ठेवायचे. झाकण उघडं ठेवून दोन मॉनिटर लावायची मुभा मिळायला मार्च २०२५चा एम४ एअर यावा लागला. दरम्यान लोकांनी पळवाटा शोधल्या. डिस्प्लेपोर्टमध्ये २०१० पासून एका वायरीतून अनेक मॉनिटरना वेगवेगळी चित्रं पाठवायची सोय आहे. विंडोजवर ती चालते. मॅकवर अशी सोय देणाऱ्या हबला दोन मॉनिटर लावले की दोघांवर जुळ्यासारखं एकच चित्र उमटतं. दुसरी पळवाट डिस्प्लेलिंकची. यात एक सॉफ्टवेअर चित्र दाबून-दुमडून साध्या यूएसबी डेटाच्या रूपात धाडतं आणि पलीकडची चिप ते उलगडते. ही क्लृप्ती खरंच हुशारीची आहे, कार्यालयीन कामाला पुरतेही. फक्त मॅकवर ती वापरायला ‘स्क्रीन रेकॉर्डिंग’ची परवानगी द्यावी लागते. आपला पडदा आपल्यालाच दाखवायचा, तर आधी त्याचं चित्रीकरण करायला संमती! शिवाय संध्याकाळी एखादा कॉपी-संरक्षित सिनेमा लावला तर आवाज येतो आणि चित्राच्या जागी काळोख, कारण चोरीविरोधी व्यवस्थेला हा सगळा मामला चोरीचाच वाटतो. तिचं फारसं चुकतं असं मला वाटत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि त्याला झटकून टाकता येत नाही. एकच आकार असण्याचे फायदे खरे आहेत. ड्रॉवरभर चार्जर सांभाळणं संपलं, कचरा घटला. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोनना आणि २८ एप्रिल २०२६ पासून लॅपटॉपना चार्जिंगसाठी टाइप-सी सक्तीचं केलं, ते उगाच नव्हे. पण नीट पाहिलं तर हा सगळा विजय विजेचा आहे. वीज समजूतदार असते. पासष्ट वॅटच्या लॅपटॉपला तीस वॅटचा चार्जर लावला, तर दोघं आपसात बोलून घेतात आणि बॅटरी हळू का होईना, बहुधा भरतेच. चित्राकडे हा दिलदारपणा नाही. कमी पडलं तर ते एक तर काळं होतं, किंवा काही न सांगता तीस हर्ट्झवर उतरतं आणि दोष तुमच्या डोळ्यांना, वयाला नाहीतर विंडोजला मिळतो. जिथे कमतरता निभावून जाते तिथलं आकाराचं धोरण, जिथे ती निभावत नाही तिथे तसंच्या तसं उचलून लावलं, ही खरी गफलत.

उरला एक आक्षेप, साधारणपणे घरातल्या वडीलधाऱ्यांचा: ‘‘डोळे दोनच, ते दोन्ही एकाच ठिकाणी बघतात, मग मॉनिटर दोन कशाला?’’ शरीरशास्त्राच्या बाजूने ते बरोबर आहेत. डोळ्यांचा अगदी तीक्ष्ण भाग जेमतेम दोन अंशांचा. पण एका पडद्यावर जीएसटीचं पोर्टल आणि दुसऱ्यावर टॅली उघडून बसलेल्या अकाउंटंटला, किंवा मागच्या वर्षीचा आणि आजचा एक्स-रे शेजारी ठेवून पाहणाऱ्या डॉक्टरला हा प्रश्न विचारून पाहावा. दुसऱ्या मॉनिटरचा बराच वेळ क्रिकेटचा स्कोअर दाखवण्यात जातो हे मी अमान्य करत नाही. तरी हाव धरली म्हणून शिक्षा झाली, असा निकाल देता येणार नाही. एकच मॉनिटर घेणारा साधा माणूसही फोनच्या वायरीपाशी तसाच अडकतो.

उपाय अवघड नाही, आणि तो उद्योगाला ठाऊकही आहे. २०२०च्या थंडरबोल्ट ४ने किमान दोन फोर-के मॉनिटर साठ हर्ट्झवर चालवण्याची कुवत सक्तीची केली. प्रमाणित यूएसबी वायरींवर ‘४० जीबीपीएस’, ‘२४० वॅट’ असे साधे आकडे छापायची पद्धतही निघाली आहे. प्रमाणित नसलेल्या वायरी मात्र मुक्यानेच विकल्या जातात. मग प्रत्येक भोकाजवळ ‘किती मॉनिटर, केवढे, किती हर्ट्झ’ एवढे तीन आकडे का नसावेत? कंपन्या म्हणतील, कडेला जागा नाही. कडेला नसेल, पण कीबोर्डखाली मनगट टेकतं तिथे भरपूर आहे. आत्ता त्या जागेवर प्रोसेसरचा स्टिकर असतो, ग्राफिक्सचा असतो, वीजबचतीचा असतो, आणि ‘फुल एचडी डिस्प्ले’ असं सांगणाराही एक असतो. त्या शेवटच्याला सुट्टी द्यायला हरकत नसावी. त्याच्या वरच वीतभर अंतरावर तो डिस्प्ले उघडा आहे.