रीडिंग बसवण्याची विद्या

प्रयोगवही भरण्याचा योग्य क्रम असा आहे: आधी अनुमान, मग निरीक्षण, मग कृती, मग साहित्य, आणि सगळ्यात शेवटी, तास उरला आणि कपाटाची किल्ली सापडली तर, प्रयोग. वहीत छापलेला क्रम नेमका उलटा असतो. पण मुलं समंजस असतात. आठवीच्या दिवाळीपर्यंत खरा क्रम त्यांना कोणी न शिकवता उमगतो, आणि ज्या एक-दोघांना उमगत नाही त्यांना शेजारच्याची वही मिळते.

या पद्धतीला नावं ठेवणारे लोक अधूनमधून भेटतात. मुलांना शोध घेऊ द्या, त्यांना प्रश्न पडू द्या, असं ते सांगत असतात. बहुधा त्यांची स्वतःची मुलं केव्हाच दहावी ओलांडून गेलेली असतात. ज्यांच्या घरात यंदा दहावी आहे त्यांना ठाऊक असतं, की विज्ञानाचे दोन पेपर चाळीस-चाळीस गुणांचे, प्रात्यक्षिकाचे गुण वीस, आणि त्या विसांत मुलाला पडलेल्या प्रश्नासाठी अर्धाही गुण ठेवलेला नाही. हे योग्यच आहे. पडलेल्या प्रश्नावर सही-शिक्का मारणार कुठे? १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधकबुद्धी वाढवणं हे मूलभूत कर्तव्य ठरवलं आहे, हे मान्य. पण ते नागरिकाचं कर्तव्य. दहावीतल्या मुलाला आधीच पुष्कळ कामं असतात.

पाणी उकळण्याचा प्रयोग घ्या. चंचुपात्र, स्पिरिटचा दिवा, तिवई, जाळी, तापमापी. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं हे मुलांना दिवा पेटवण्याच्या कितीतरी आधीपासून पाठ असतं. आता समजा, पुण्यातल्या एखाद्या शाळेत एखादी मुलगी खरोखरच तापमापीकडे बघत बसली. पाणी खळखळा उकळतंय, आणि पारा ९८ च्या आसपास येऊन थांबलाय.

“बाई, अठ्ठ्याण्णवच्या वर जातच नाहीये.”

“तापमापी जुनी आहे गं. शंभर लिही.”

बाईंना दोष देणं सोपं आहे. पण त्यांच्यापुढे साठ मुलं आहेत, चार तापमाप्या आहेत आणि पुढचा तास पीटीचा आहे. आता तापमापी ठीकच होती, हे खरं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. उंच जावं तसा हवेचा दाब घटतो आणि साधारण दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू अंशभर खाली येतो, हेही खरं. पण एकदा हे मान्य केलं की थांबायचं कुठे? महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या घरात, म्हणजे तिथलं पाणी पंचाण्णव-शहाण्णवलाच उकळणार. मामेभाऊ मुंबईला, आत्येबहीण पाचगणीच्या वसतिगृहात. सुट्टीत तिघं एकत्र आली की तीन वह्यांत तीन आकडे. मग एक जण विचारणार, पाचगणीला डाळ शिजायला वेळ लागतो तो यामुळेच का. दुसरी विचारणार, मग कुकरात नेमकं काय होतं. बोलता बोलता वातावरणाच्या दाबाचा धडा वर्गात येण्याआधीच संपून जाणार, आणि वार्षिक नियोजनाच्या तक्त्यात ते तीन तास कुठे दाखवायचे हा प्रश्न बाईंपुढे उभा राहणार. त्यापेक्षा शंभर लिहिलेलं सगळ्यांच्या हिताचं.

ज्या माणसाच्या नावानं हे अंश मोजतो त्या अँडर्स सेल्सिअसला ही शिस्त नव्हती. या स्वीडिश खगोलशास्त्रज्ञानं पाण्याचा उत्कलनबिंदू हवेच्या दाबाबरोबर बदलतो हे स्वतः मोजून दाखवलं आणि १७४२ साली आपली मोजपट्टी मांडताना तो दाबही विचारात घेतला. वर आणखी म्हणजे त्याच्या मूळ पट्टीवर पाणी शून्याला उकळायचं आणि शंभरला गोठायचं. ती सुलटी केली ती नंतरच्यांनी. असा मुलगा आपल्याकडे असता तर त्याच्या पालकांना नक्की बोलावून घेतलं असतं.

मेणबत्तीचा प्रयोग हा मात्र या सगळ्या परंपरेचा मानबिंदू. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी आत चढतं. किती चढतं? एक पंचमांश. हवेत ऑक्सिजन किती? एक पंचमांशाहून जरासा जास्त. सिद्ध झालं! या प्रयोगाचं थोरपण असं, की त्याचं उत्तर बरोबर आहे आणि कारण साफ चुकीचं. ज्योत विझते तेव्हा ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि जो जळून जातो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाणी चढतं ते मुख्यतः आत कोंडलेली तापलेली हवा ज्योत विझल्यावर थंड होऊन आकसते म्हणून. नीट बघणाऱ्याला दिसतं, की ज्योत जळत असताना पाणी जेमतेम हलतं आणि विझल्यावर भसकन वर येतं. पण त्या क्षणी मुलं मान खाली घालून ‘एक पंचमांश’ लिहीत असतात, त्यामुळे सहसा कोणाला त्रास होत नाही. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी आणखी वर चढतं. म्हणजे एका मेणबत्तीच्या हवेपेक्षा तीन मेणबत्त्यांच्या हवेत ऑक्सिजन जास्त, असं लिहायची पाळी यायची. म्हणूनच प्रयोगात मेणबत्ती एकच घ्यायची असते.

कुणी म्हणेल, उत्तर आधीच ठरलेलं असेल तर प्रयोग करायचाच कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्यानं सत्यनारायणाला जाऊन बसावं. साधुवाण्याची नौका शेवटी वर येते हे सगळ्या वाड्याला माहीत असतं. यंदा येते की नाही बघू, म्हणून कोणी जात नाही. तरी कथा पूर्ण ऐकायची असते, मध्ये उठायचं नसतं, आणि प्रसाद घेतल्याशिवाय घरी जायचं नसतं.

अकरावीत लंबक येतो आणि या विद्येला खरा बहर येतो. मीटरभर दोरा, वीस आंदोलनं, साधारण चाळीस सेकंद, त्यावरून गुरुत्वत्वरण, म्हणजे ‘जी’. घड्याळाचं बटण पाव सेकंद उशिरा दाबलं तर उत्तर ०.१२ नं हलतं. गोळा सोडतानाच ‘एक’ म्हटलं, आणि पुष्कळ जण तसंच म्हणतात, तर वीस म्हणून एकोणीसच आंदोलनं मोजली जातात आणि ‘जी’ पावणेअकराच्या पुढे जातो. इतके खड्डे असताना अख्ख्या तुकडीच्या वह्यांत झाडून ९.८१ येतं. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला दोरा, गोळा आणि स्टॉपवॉच एवढ्या भांडवलावर असा एकमुखी निकाल लावता आलेला नाही. त्यातही गंमत म्हणजे मुंबईत ‘जी’चं मूल्य ९.७९ च्या जवळपास असतं. १९०१ साली ठरलेलं ९.८०६६५ हे प्रमाणमूल्य पंचेचाळीस अक्षांशाच्या आसपासचं. आपली पोरं परळच्या बाकावर बसून फ्रान्समधलं गुरुत्वाकर्षण मोजतात, तेही व्हिसा न काढता.

हे साधतं कसं, ते बाहेरच्यांना सांगायला हरकत नाही. ९.८१ पासून सुरुवात करायची, सूत्र उलटं फिरवून आवर्तकाल काढायचा, त्याला विसानं गुणायचं, आणि तीन रीडिंगांत दशांशाच्या पहिल्या घरात किंचित फरक ठेवायचा. तिन्ही सारखी आली तर सरांना संशय येतो. फार वेगळी आली तर सर पुन्हा करायला लावतात. किती खोटं किती खरं वाटेल याचा इतका बारीक अंदाज सोळाव्या वर्षी येणं, ही साधी गोष्ट नाही. बीजगणित, वर्गमूळ आणि मनुष्यस्वभाव हे तिन्ही विषय एका तासात होतात. पुढे ही मुलं कचेऱ्यांतून खर्चाचे तक्ते आणि प्रगतीचे अहवाल भरू लागतात तेव्हा त्यांना वेगळं प्रशिक्षण द्यावं लागत नाही.

सूक्ष्मदर्शकाबद्दल थोडक्यात: एक डोळा नेत्रिकेला लावायचा आणि दुसरा पुस्तकातल्या आकृतीवर ठेवायचा. काचपट्टीवर कांद्याच्या सालीत हवेचा बुडबुडा शिरला असला तर तोच केंद्रक म्हणून काढावा. दिसायला छान गोल असतो.

‘दक्षता’ या रकान्याचं महत्त्व मात्र हल्लीच्या पिढीला पटवून द्यायला हवं. ‘उपकरणे काळजीपूर्वक हाताळावीत’ असं तिथे लिहायचं असतं. कित्येक शाळांनी ही दक्षता इतक्या टोकाला नेली आहे की उपकरणांना वर्षानुवर्षं कोणाचा हातच लागलेला नाही. साठा नोंदवहीत ती सगळी सुस्थितीत आहेत.

विज्ञान प्रदर्शनात हेच शिक्षण लोकांसमोर येतं. दरवर्षी तालुक्याच्या ठिकाणी पुठ्ठ्याचा ज्वालामुखी उभा राहतो, त्यात खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि कुंकवाचं पाणी घालतात, आणि फेस वर आला की प्रमुख पाहुणे टाळ्या वाजवतात. शेजारी इंजेक्शनच्या सिरिंजांवर चालणारा जेसीबी असतो. मागे मार्गदर्शक शिक्षक उभे असतात. मुलगा एका दमात सांगत असतो, “नमस्कार, आमच्या प्रतिकृतीचे नाव आहे...” मध्येच परीक्षकांनी काही विचारलं तर तो थांबतो, छताकडे बघतो आणि पुन्हा ‘नमस्कार’पासून सुरू करतो. ज्या काळ्या कातळावर त्याची शाळा उभी आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी साचलेला लाव्हा आहे. त्या कातळाचा तुकडा खिशात घालून आणला असता तर पुठ्ठा, रंग आणि सोडा तिन्हींचा खर्च वाचला असता. पण दगडाला फेस येत नाही, आणि बक्षीस फेसाला असतं.

या घडीवर घाला घालण्याचा एक गंभीर प्रयत्न शेजारच्या मध्य प्रदेशात होऊन गेला. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सहावी ते आठवीच्या मुलांच्या हाती खरोखरची उपकरणं दिली. ‘बाल वैज्ञानिक’ नावाचं पुस्तक केलं, त्यात प्रयोग कसा करायचा ते होतं, निरीक्षणावर प्रश्न होते आणि उत्तरं नव्हती. छपाईचा दोष समजून सोडून द्यावं, तर नाही. ती मुद्दाम ठेवली नव्हती. दिल्ली विद्यापीठातली, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली चांगली नोकरीला असलेली माणसं खेड्यातल्या शिक्षकांबरोबर सतरंजीवर बसून हे करत होती. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती. मुलांना पडलेले प्रश्न पत्रानं मागवले जात आणि सवालीराम नावाचं एक कल्पित पात्र त्यांना उत्तरं धाडायचं. हा पोस्टाचा खर्च वेगळाच. पुण्याच्या टेल्कोतले एक अभियंते, अरविंद गुप्ता, १९७८ साली तिकडे गेले आणि ट्रक बनवायचे सोडून आगपेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडत बसले. त्यांना पुढे पद्मश्री मिळाली, पण ट्रकसाठी नव्हे. १९७८ मध्येच हा उद्योग जिल्हाभर पसरला, आणि पुढे इतर जिल्ह्यांतही. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इथे तीस वर्षं थांबावं लागलं. २००२ मध्ये सरकारनं तो कार्यक्रम बंद केला आणि मुलांच्या हाती पुन्हा उत्तरांसकट पुस्तक आलं.

परदेशात तर याहून बेबंदपणा चालतो. इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यात ब्लॅकॉटन नावाच्या गावी प्राथमिक शाळेतल्या आठ ते दहा वर्षांच्या पंचवीस मुलांनी भुंग्यांवर प्रयोग केला. फूल निवडताना भुंगे रंग आणि रंगांची मांडणी यांची सांगड घालू शकतात, असं त्यांना दिसलं. रॉयल सोसायटीच्या ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकानं २०१० मध्ये तो शोधनिबंध छापला. त्याला संदर्भसूची नाही, आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या, आणि सुरुवात परीकथेच्या थाटात. आपल्याकडे समासाअभावीच तो परत आला असता. पण खरी आक्षेपार्ह बाब पुढेच आहे. भुंगे काय करतील हे त्या मुलांना आधी माहीत नव्हतं; त्यांच्या शिक्षकांनाही नव्हतं; तिथे आलेल्या शास्त्रज्ञालाही नव्हतं. म्हणजे वर्गात एकाही माणसाला उत्तर माहीत नसताना तास चालू होता.

सुदैवानं आपल्याकडे अशी परिस्थिती ओढवण्याची शक्यता दिवसेंदिवस कमी होत आहे. आता प्रयोग संगणकाच्या पडद्यावर होऊ लागले आहेत. पडद्यावरचा लंबक हवेनं मंदावत नाही, तिथला लिटमस दमट होत नाही, तिथल्या स्पिरिटच्या दिव्याची वात संपत नाही आणि पाचगणीच्या शाळेतही पाणी न चुकता १०० लाच उकळतं. मुलांनी माउस हलवायचा आणि तक्ता भरायचा. काही प्रणालींत तक्ताही आपोआप भरतो, तेव्हा फक्त माउस हलवायचा. शाळांना यासंबंधी सूचना काढताना शिक्षण खात्यानं एक ओळ तेवढी जोडावी: प्रयोग चालू असताना लाइट गेल्यास निरीक्षणे मागील वर्षीच्या वहीतून घ्यावीत.