पाठीमागची शोभा

"मुलाच्या गाडीला का, काका?" पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानदाराने विचारलं. मी काउंटरवर ठेवलेलं हेल्मेट उचलून परत डोक्यात घातलं. हेल्मेटमध्ये केसांचा रंग कळत नाही.

"माझ्याच गाडीला."

"कुठली?"

इथे हेल्मेटचा उपयोग नव्हता. माझी गाडी स्प्लेंडर, तीही हिरो आणि होंडा यांचा संसार एकत्र होता त्या काळातली. दुकानदार हसला नाही. नाना पेठेत गिऱ्हाइकाला हसत नाहीत, किंमत सांगतात. त्याने फळीवरून खोकी काढून माझ्यासमोर ओळीने मांडली. सगळ्या इनबिल्ट इंडिकेटरवाल्या एलईडी टेललाइट. मधे लाल, दोन टोकांना पिवळं, सगळं एकाच काचेत.

"प्लेन, स्मोक की रनिंग?"

स्मोक म्हणजे काळसर काचेची. सध्या तीच जास्त जाते म्हणे. लोकांना दिसावा म्हणून दिवा लावायचा आणि मग त्याच्यावर गॉगल चढवायचा, हे काही मला पटलं नाही. मला हवी होती रनिंग. तिच्यातला इंडिकेटर नुसता उघडझाप करत नाही. पिवळा उजेड आतून बाहेर वाहत जातो. कर्वे रस्त्याच्या सिग्नलला एका पोराच्या गाडीवर मी तो पाहिला होता. तेव्हापासून माझ्या गाडीचे दांड्यांवर बसवलेले ते दोन इंडिकेटर मला डोळ्यांसमोर नकोसे झाले. खरं तर ते डोळ्यांसमोर कधीच नसतात. मागे असतात.

माझ्या हौसेतली सगळ्यात हास्यास्पद गोष्ट हीच. माणूस नवा शर्ट घेतो तेव्हा निदान दुकानांच्या काचांमधून स्वतःला बघत जाऊ शकतो. मागच्या दिव्याची शोभा मालकाला कधीच दिसत नाही. ती बघणार कोण, तर मागून हॉर्न वाजवणारा अनोळखी माणूस, आणि त्याचं आपल्याविषयीचं मत आधीच ठरलेलं असतं. तरी मी पैसे मोजले.

बसवण्याचं काम आमच्या गॅरेजवाल्या भाऊंकडे. भाऊंनी सीट उचललं, मागचं कव्हर सोडवलं आणि जुना बल्ब दाबून फिरवून बाहेर काढला. एकाच काचेत दोन तारा: 5 वॅटची रात्रभर जळणारी, 21 वॅटची ब्रेक दाबला की पेटणारी. बुडाच्या दोन खिळ्या मुद्दाम वरखाली ठेवलेल्या, म्हणजे बल्ब उलटा बसायलाच नको. काच आतून काळवंडली होती. भाऊंनी तो कानाशी धरून हलवला आणि खिशात टाकला. भाऊ काहीच फेकत नाहीत.

ते वायरी सोलत असताना मी त्यांना थोडं प्रबोधन केलं. दिसणारा उजेड देणारा लाल एलईडी 1962 साली निक होलोन्याक यांनी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये बनवला. पांढऱ्याला लागणारा निळा मात्र हाती यायला पुढे तीस वर्षं गेली आणि त्याबद्दल 2014 साली तिघांना नोबेल मिळालं. तेव्हा मागचा लाल दिवा हाच एलईडीचा थोरला वारस. शिवाय बल्बची तार तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा पाचवा भाग जातो, एलईडी तत्क्षणी पेटतो. ताशी 60च्या वेगात मागचा माणूस तेवढ्यात तीन मीटरपेक्षा जास्त पुढे आलेला असतो. म्हणजे एक अख्खी स्प्लेंडर आणि वर थोडं.

"हां. ही लाल वायर धरा जरा," भाऊ म्हणाले.

गाडी सुरू केली आणि तो नोबेल घराण्यातला दिवा थरथरायला लागला. ॲक्सिलरेटर पिळला की सावरायचा, सोडला की पुन्हा हुडहुडी. या जुन्या गाड्यांत हेडलाइट आणि टेललाइट बॅटरीवर नसतात, इंजिनच्या कॉइलमधून येणाऱ्या एसी करंटवर चालतात. म्हणूनच सिग्नलला थांबलं की हेडलाइट मंदावतो आणि रात्रीच्या वेळी आपण उगाच गाडी रेस करत बसतो. बल्बची तार एकदा तापली की करंटच्या चढउतारात गरम राहते, ती हे सगळं पोटात घालते. एलईडीला असली सोशिकता नाही. भाऊंनी ती वायर बॅटरीच्या लाइनवर घेतली.

मग इंडिकेटर लावला आणि गाडी घाईघाईने टिकटिक टिकटिक करू लागली. पिवळा उजेड वाहण्याच्या ऐवजी उचकी लागल्यागत आतल्या आत अडकत होता. फ्लॅशरचं म्हणणं साधं होतं. त्याला एका बाजूच्या 10-10 वॅटच्या दोन बल्बांची सवय. त्यातला एक गेला की तो जलद वाजून मालकाला कळवतो. एलईडी इतका कमी करंट घेतो की फ्लॅशरला वाटतं, मागचा बल्ब वारला. यावर एक उपाय रेझिस्टरचा: एलईडीने वाचवलेली सगळी वीज त्यात नुसती तापवून घालवायची, फ्लॅशरची समजूत घालण्यापुरती. काही घरांतले खर्च याच तत्त्वावर चालतात, पण भाऊंनी तो सुचवला नाही. त्यांनी फ्लॅशरच बदलला. इंडिकेटर मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकावा असा नियम आहे, आमचा आता त्यात बसला. जुने दांड्यांचे इंडिकेटर काढून भाऊंनी भोकांत रबराचे बूच बसवले, आणि गाडी मागून अशी सडसडीत दिसू लागली की मी तिच्याभोवती फिरत राहिलो. एकदा तर मी भाऊंना गाडीवर बसवून डावा, उजवा, ब्रेक असं सगळं करायला लावलं आणि समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिलो. गिऱ्हाईक थांबलं होतं, पण भाऊ भला माणूस.

सोसायटीत पहिली प्रतिक्रिया आली तळमजल्यावरच्या निवृत्त साहेबांची. "कलम 52 ठाऊक आहे ना? मूळ गाडीत बदल करता येत नाहीत. 2019 साली सुप्रीम कोर्टाने बजावलंय." मी म्हटलं, साहेब, तुमच्या गाडीचा डावा ब्रेकलाइट लागत नाही. ते म्हणाले, शक्यच नाही, मी रोज चालवतो. रोज चालवतात म्हणूनच दिसत नाही, हे त्यांना कसं समजवावं?

दुसरी प्रतिक्रिया हिची. "अहो, ते दिवे राहू देत. मी हात दाखवते ना."

आता इथे मला थोडं थांबावं लागेल, कारण हा माझा आवडता विषय आहे. आपल्याकडे वळण्याची सूचना देण्याचं शास्त्र कुठल्याही दिव्यापेक्षा जुनं आणि समृद्ध आहे. रिक्षावाला डावा पाय बाहेर काढतो. त्याचा अर्थ डावीकडे वळतोय, थांबतोय किंवा पायाला वारा हवाय, यांपैकी काहीही. दूधवाला मान वळवतो आणि मानेपाठोपाठ किटल्यांसह स्वतः वळतो. काही लोक स्वारगेटला इंडिकेटर लावतात आणि हडपसरपर्यंत तो वचनासारखा जपतात. या सगळ्यांत सर्वोच्च स्थान मागे बसलेल्या बायकोच्या हाताचं. पर्स मांडीवर, पिशवी मधे, आणि एक तळवा बाहेर खालच्या बाजूला हलतो: "थांबा, आम्ही जातोय." त्या हातापुढे पीएमपीची बस थांबलेली मी पाहिली आहे. कुठल्या एलईडीत ती ताकद आहे?

आणि हे दळणवळण फक्त स्वतःपुरतं नसतं. एकमेकांना रस्ता न देणारी हीच माणसं दुसऱ्याच्या साइड स्टँडची काय काळजी करतात! "ओ काका, स्टँड!" म्हणून ओरडायला लोक गाडी वेगाने पुढे काढतात. ओढणी चाकाकडे निघाली की तीन गाड्या एकदम "ताई, ओढणी!" करतात. दिवसा हेडलाइट चालू दिसला की समोरचा हात वर करून बोटं उघडमीट करतो. 1 एप्रिल 2017पासून नव्या दुचाकींचे हेडलाइट कायम चालूच ठेवायचा नियम आला, बंद करायचं बटणच गेलं. तरी लोकांची बोटं थांबली नाहीत. माझ्या मुलीने नवी स्कूटर घेतली तेव्हा पहिले काही दिवस ती प्रत्येकाला "बंद होत नाही!" असं ओरडून सांगायची. मग नुसती मान हलवायची. आता हात करून आभार मानते. शिव्या आणि काळजी एकाच तोंडून, एकाच सिग्नलला, इतक्या सहज निघतात असं गाव दुसरं असेल तर मला सांगा. मी तिथे राहायला जाणार नाही, पण सांगा.

असो. दिव्याकडे येतो.

खरी परीक्षा मुलीनेच घेतली. रात्री एका लग्नाहून परतताना मी पुढे, ती मागे स्कूटरवर. घरी आल्यावर म्हणाली, "बाबा, दिवा मस्त आहे. पण तुम्ही डावीकडे वळताय की उजवीकडे, ते तुम्ही वळल्यावर कळतं." पट्टी घेऊन बसलो. जुने इंडिकेटर दांड्यांवर एकमेकांपासून ऐसपैस होते, नव्या काचेतले जवळजवळ खेटून. मोटारसायकलच्या दिव्यांसाठी संयुक्त राष्ट्रांची जी नियमावली आहे, तिच्यात मागच्या दोन इंडिकेटरांमध्ये निदान 180 मिलीमीटर अंतर सांगितलं आहे. माझ्यात त्याच्या निम्मंही नव्हतं. त्यात ब्रेक दाबला की मधला लाल लोळ दोन्ही पिवळ्यांना गिळून टाकतो. दांड्या कुरूप होत्या, पण त्या बाहेर निघालेल्या होत्या त्या याचसाठी.

भाऊंनी खिशातून नव्हे, पण डब्यातून माझे जुने इंडिकेटर काढले. बूच निघाले, दांड्या परत आल्या. आता माझ्या गाडीला मागे चार इंडिकेटर आहेत: दोन बघण्यासाठी आणि दोन कळण्यासाठी. वाहतं पिवळं मी सोडलं नाही. का सोडू? पैसे दिलेत.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण नंतर गळीत हंगामात फलटणकडे गावी जाणं झालं. त्या रस्त्याला रात्री उसाचे ट्रॅक्टर असतात, एकेकाला मागे दोन ट्रॉल्या. पुढून ट्रॅक्टर बघावा: बंपरला रंगीत एलईडीच्या माळा, डोक्यावर चार फोकस, वर गाण्यांचा डेक, टपावर मुलाचं नाव. मागून बघायला गेलं तर काही नाही. ट्रॉलीला रिफ्लेक्टर चिकटवलेला असतो, पण त्यावर चिखल, आणि वरून लोंबणारं उसाचं वाढं त्याला झाकून टाकतं. एक ट्रॉली पंक्चर होऊन अर्ध्या रस्त्यात उभी होती. चाकाला दगड, आणि इशारा म्हणून मागे बाभळीची एक फांदी. माझ्या हेडलाइटमध्ये ती फांदी आली तेव्हा ट्रॉली तिच्यामागे लगेचच होती. हिने माझ्या खांद्याला धरलं, काही बोलली नाही.

माझ्या शाळेच्या वर्गातला एक जण अशाच ट्रॉलीवर मागून आदळून गेला. त्याचा दोष काही नव्हता, वेगही फार नव्हता असं सगळे म्हणतात. ट्रॉली दिसलीच नाही. अशा बातम्या आपल्या पेपरात दर हंगामात आतल्या पानावर, चार ओळींत येतात, आणि त्यांत "उभ्या ट्रॉलीला" हे दोन शब्द ठरलेले असतात. डेकवर खर्च केलेल्या पैशाचा कितवा हिस्सा लागतो लाल रिफ्लेक्टर पट्टीला? मला राग येतो. माझ्यासारखा माणूस पाठीमागच्या शोभेसाठी नाना पेठ पालथी घालतो याचं हसू येणाऱ्यांना माझी हरकत नाही, पण मग पुढच्या शोभेचंही कुणीतरी हसू करा.

ट्रॉलीवाल्यांना एकच विनंती: फडातून निघताना वाढं वर बांधा आणि रिफ्लेक्टर पुसा, आणि रस्त्यात उभं राहावं लागलंच तर फांदी नको, दिवा ठेवा.

आणि तुम्हाला: आज रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून लावा आणि ब्रेक दाबून मान वळवून बघा. भिंत लाल होत नसेल तर उद्या सकाळी बल्ब बदला. साधा चालेल, प्लेन.