मामांची पाठ

मामा कोल्हापूरच्या मार्केट यार्डातला गूळ गुजरातला पोचवतात. ट्रक मालकाचा, पण केबिन मामांचं. सीटमागचा आडवा बाक हा त्यांचा शयनमहाल, आणि तिथली गादी बदलायचा विषय गणपतीत निघाला. गुळाचा हंगाम उतरणीला लागला, तरी मामांचं ‘बघणं’ चालूच होतं.

बघायचं म्हणजे कसं? दुकानदार टेप काढतो. मामा त्याचा हात धरतात. ‘टेप ठिव मर्दा. झोपायचं मला हाय, टेपला न्हाई.’ मग स्वतः वितीनं माप सांगतात: आठ वीत लांब, तीन वीत रुंद, आणि दाराकडचा एक कोपरा ‘जरा खाल्लेला’. हा ‘जरा’ दर दुकानात बदलतो.

कापसाची गादी हीच खरी गादी, यावर मामांची श्रद्धा. पण ती पावसाळ्यात ओल धरते, कापसाचे गोळे होतात आणि खालच्या प्लायला बुरशी येते, हे त्यांनी सोसलेलं आहे. म्हणून लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात फोम बघायला गेलो. मला नेलं ते साक्षीदार म्हणून.

‘चाळीस डेन्सिटी आहे मामा. लवकर खचणार नाही.’

‘चाळीस काय?’

‘किलो. एका घनमीटरला.’

‘मग ह्ये वजन पासिंगात धराय लागंल की!’

दुकानातल्या पोरानं कॅल्क्युलेटर बडवला. ‘तुमच्या मापाची गादी पाचएक किलो भरेल.’

‘पाच भरती, तर चाळीस कशाला सांगतोस?’

पोरगं गप्प झालं. डेन्सिटी म्हणजे अख्ख्या गादीचं वजन नव्हे, हे समजावायची त्याची उमेद तिथंच संपली.

मग मेमरी फोम आला. हा १९६६ साली अमेरिकेच्या ‘नासा’साठी, विमानातल्या सीटकरता शोधला गेला, असं मी उगाच ज्ञान पाजळलं. मामांनी पंजा दाबला. ठसा हळूहळू भरून येताना शांतपणे बघितला. ‘म्हंजे ह्येच्या ध्येनात ऱ्हातंय. आन् माझ्या मागनं क्लीनर झोपला तर?’ शिवाय खाली इंजिनाची धग. हा फोम उष्णतेनं मऊ पडतो, हे मामांनी कुठं वाचलेलं नाही. पण बोट बरोबर तिथंच ठेवलं.

खरी परीक्षा यानंतर. मामा कोल्हापुरी पायताण काढतात, दुकानातल्या गादीवर डाव्या कुशीवर आडवे होतात, ‘पाच मिंटं’ म्हणतात आणि तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागतात. कापूस असो, फोम असो, काथ्या असो. दुकानदार खूश होऊन बिलबुक काढतो. मामा जागे होतात. ‘ह्ये धरायचं न्हाई. रातभर खंबाटकीच्या घाटात अडकलोय. आज मला पत्र्यावर पण लागंल.’ आणि ताजेतवाने होऊन पुढच्या दुकानात. अख्ख्या कोल्हापुरात मामांना झोप लागली नाही अशी गादी नाही, आणि त्यांनी पास केलेलीही नाही. एवढं जागरण बघून, मोटार वाहतूक कामगारांना दिवसाला आठ तास काम असं १९६१ च्या कायद्यानंच ठरवलं होतं, हे त्यांना सांगून पाहिलं. मान डोलावली. ‘बराबर हाय. दिवसाचं आठ, रातीचं आठ.’

मध्यंतरी नवंच निमित्त मिळालं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीचं झालं. ‘मालक नवी गाडी काढणार. एसीतली गादी येगळी घ्याय लागंल, थांबू या.’ मालकाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

शेवटी उद्यमनगरातल्या एका कुशनवाल्यानं काही न विचारता केबिनमध्ये चढून बाकावर पुठ्ठा पसरला आणि खडूनं कडा आखून घेतली, खाल्लेल्या कोपऱ्यासकट. खाली हवा खेळावी म्हणून रबर लावलेला काथ्या, वर दोन इंच फोम, त्यावर जाड सुती खोळ. संध्याकाळी गादी बाकावर चपखल बसली. मामांना बोलायला जागाच राहिली नाही. त्यांनी खाली नजर टाकली.

‘कोपऱ्याचा तुकडा कुठाय? पैसं पुऱ्या गादीचं घेतलंस न्हवं?’

तो तिकोनी तुकडा घेऊन मामा स्टेअरिंगवर बसले. बुडाखाली सारला, जरा हलून बघितलं, परत हलून बघितलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, ‘ह्यो माल लै भारी हाय. गादी ह्येची का न्हाई केलीस?’