काठ तयार, नदी मागाहून

पुण्याला नदीकाठ मिळतोय. नदीचं नंतर बघू.

बंडगार्डनच्या बाजूला एकदा चक्कर मारून या. दगडी उतार, फरसबंद पायवाट, कडेला रोपं. काम नीटनेटकं झालंय, उगाच नावं ठेवायची नाहीत. फक्त बसण्याआधी वारा कुठून वाहतोय तेवढं बघा.

एकूण ४४ किलोमीटर, ११ टप्पे, ४,७२७ कोटींचा अंदाज. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा, तिघींना एकाच मांडवात हळद. अंघोळ तेवढी राहिली.

अंघोळीची गोष्ट जुनी आहे. शहराचं मैलापाणी शुद्ध करूनच नदीत सोडायचं, अशी योजना केंद्राने जानेवारी २०१६ मध्ये मंजूर केली. जपानच्या जायकाचं कर्ज, ९९० कोटी खर्च, ११ शुद्धीकरण केंद्रं, रोजची क्षमता ३९ कोटी ६० लाख लिटर. पूर्ण व्हायची मुदत? जानेवारी २०२२.

आणि भूमिपूजन? ६ मार्च २०२२.

पुन्हा वाचायची गरज नाही, बरोबरच वाचलंत. मुदत संपल्यावर दोन महिन्यांनी पहिली कुदळ. तोवर खर्चाचा आकडाही १,४७० कोटींच्या वर गेला होता. पुण्यात वेळेवर वाढणाऱ्या फार थोड्या गोष्टी आहेत, त्यातली ही एक.

पंतप्रधानांच्या हस्ते त्याच दिवशी, त्याच समारंभात काठाच्या सुशोभीकरणाचंही भूमिपूजन झालं. दोन्ही जुळी भावंडं. त्यातलं कोणतं आधी बाळसं धरणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. फीत काठावर कापता येते. मैलापाण्याच्या टाकीशेजारी उभं राहून फोटो कोण काढणार?

तर म्हणे, साबरमतीकडे बघा. बघितलं. सल्लागारसुद्धा अहमदाबादचेच आणलेत, साबरमतीचा काठ ज्यांनी घडवला तेच. पण साबरमतीच्या त्या देखण्या पट्ट्यात दिसतं ते पाणी नर्मदेचं, कालव्यातून आणलेलं. सल्लागार आणता येतो. नर्मदा कुठून आणणार?

आपल्याकडे वर खडकवासला आहे. पावसाळा सोडला तर तिथलं पाणी नदीकडे ढुंकूनही बघत नाही. ते जातं कालव्यात आणि नळात. नळातून घरात, घरातून गटारात, गटारातून नदीत. म्हणजे आठ महिने मुठा वाहते ती आपल्या कृपेने.

रोज सकाळी. साखळी ओढून.

आराखड्यात बंधारे घालून पाणी अडवायचीही सोय आहे. अडवा, जरूर अडवा. पण नदीकाठी बारमाही पाणी हवं म्हणताना आपण नक्की काय बारमाही साठवणार आहोत, हे एकदा निविदेबाहेरच्या मराठीत सांगून टाका.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-मुंढवा-खराडीच्या आकाशात डासांचा उभाच्या उभा भोवरा फिरताना दिसला. देशभर चित्रफीत फिरली. कारण शोधायला समिती लागली नाही : तुंबलेलं पाणी आणि त्यावर जलपर्णी. आता नकाशा उघडा. बंडगार्डन ते मुंढवा हा याच प्रकल्पाचा टप्पा.

पहिले पर्यटक थव्याने आले, एवढाच त्याचा अर्थ.

झाडांचं काय? २०२३च्या एप्रिलमध्ये हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले, झाडांना मिठ्या मारल्या. उत्तर मिळालं, पुनर्रोपण करू. जुनं झाड उपटून दुसरीकडे लावायचं आणि त्याला हरित विकास म्हणायचं! नगरसेवकांचं असं पक्षांतर होतं, ते जगतातही. झाडांना तेवढी लवचीकता नाही.

पुराचा मुद्दा काढला की अभियंते कागद पुढे करतात. गणितानुसार पातळी वाढणार नाही. असेल बुवा गणित बरोबर. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. कागदावर दोन्ही ठळक.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. माणसं झोपेतून उठून जिन्याकडे धावली. मग सगळ्यांना निळी रेषा आठवली. पुरात ती लख्ख दिसते. बांधकामाचे नकाशे मंजूर करताना कुणाच्या डोळ्यांना काय होतं कोण जाणे.

पानशेत मुद्दाम काढत नाही. १९६१ साली धरण फुटलं होतं, ती गोष्ट वेगळी. पण पाणी कुठवर आलं याच्या खुणा पेठांतल्या भिंतींवर होत्या. आता वाडे पाडून तिथे इमारती उभ्या राहतायत, त्यामुळे तोही त्रास संपला.

आणि हा पात्राचा मान आपण आजवर ठेवलाय तरी कुठे? पात्रात रस्ता आपला. पात्रात मेट्रोचे खांब आपले. पात्रात वाहनतळ, पात्रात चौपाटी, पात्रात लग्नाची वरात. पहाटे अंधारात राडारोड्याचा डंपर रिकामा करणारे कुणी मंगळावरून येत नाहीत. निर्माल्याची पिशवी पुलावरून भिरकावून हात जोडणारेही शेजारीच राहतात. प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. श्रद्धेला गाठ मारलेली असते.

या सगळ्यात सरळमार्गी एकच : भिडे पूल. पाणी आलं की तो बुडतो. वाद नाही, खुलासा नाही.

प्रकल्पाची चित्रं पाहिलीत ना? निळंशार पाणी, फुगा घेतलेलं मूल, पळणारी सडपातळ जोडपी. एकही दुचाकी नाही, चहाची टपरी नाही, भटकं कुत्रं नाही, 'येथे बसू नये' अशी पाटी नाही. त्या काठावर पुणेकरच दिसत नाहीत. कदाचित त्यांचंही पुनर्रोपण होणार असेल.

बरं, नारायण पेठेतला म्हातारा माणूस त्या काठापर्यंत पोचणार कसा? पदपथावर गाड्या, रस्त्यावर माणसं, सिग्नलला कुणी थांबत नाही. लक्ष्मी रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा करायचा तर महापालिका ११ डिसेंबरचा मुहूर्त काढते. पादचारी दिन! वर्षातून एकदा. दुसऱ्या दिवशी पादचारी पुन्हा नशिबाच्या हवाली.

घरापासून कोपऱ्यापर्यंत धड चालता येत नाही त्या शहरात ४४ किलोमीटरची पायवाट. तिथे जायला मात्र गाडी काढावी लागेल. ती लावणार कुठे? नदीपात्रात, अजून कुठे!

विरोध केला की विकासविरोधी, हा शिक्का तयारच असतो. पण काठ नको असं कोण म्हणतंय? ओंकारेश्वरापाशी संध्याकाळी निवांत टेकावं, असं कुणाला वाटत नाही? आधी नाल्यांची तोंडं बंद करा, ती ११ केंद्रं पूर्ण क्षमतेने चालवून दाखवा, मग हवे तेवढे दगड बसवा. क्रम उलटा करा, इतकंच मागणं. पण क्रम उलटा केला तर फीत उशिरा कापली जाईल, आणि निवडणूक काही शुद्धीकरणासाठी थांबत नाही.

तेव्हा उद्‌घाटन होणारच. होऊ दे. आमची एकच सूचना, तीही बिनखर्चाची. पाहुण्यांनी व्यासपीठावरून भाषण करू नये. पायऱ्या बांधल्याच आहेत, त्या उतरून खाली यावं, ओंजळभर पाणी घ्यावं आणि आचमन करावं.

रुमाल आम्ही देऊ. हात पुसायचे की नाकाला लावायचा, ते पाहुण्यांनी ठरवावं.