‘निवडीची कारणे’ लिहिणाऱ्या लेखकमहोदयांना अनावृत पत्र

प्रति,
नमुना सी-7 मधील ‘निवडीची कारणे’ हा रकाना भरणारे लेखकमहोदय,
सर्व पक्षांची प्रदेश कार्यालये.

विषय : आपल्या ललित लेखनाबद्दल अभिनंदन व एक किरकोळ दुरुस्ती सुचवण्याबाबत.

महोदय,



आपलं नाव मला ठाऊक नाही आणि ते कधी छापूनही येत नाही. तरी मी आपली नियमित वाचक आहे. निवडणूक आली की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात, आपला मजकूर येतो. लोक तो निविदा-सूचना समजून पान उलटतात. मी वाचते.

आपल्याला लेखक केलं ते सर्वोच्च न्यायालयाने. 13 फेब्रुवारी 2020 रोजी न्या. नरिमन आणि न्या. रवींद्र भट यांनी पक्षांना सांगितलं की, गुन्हे दाखल असलेला उमेदवार घ्यायचा असेल तर त्याच्यावरचे खटले जाहीर करा आणि त्यालाच का घेतलं तेही लिहा. निष्कलंक माणूस का मिळाला नाही, तेही लिहा. वर अशी मेख मारली की ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढंच कारण चालणार नाही. खरं कारण तेवढं एकच असल्यामुळे ते वगळून उरलेला रकाना भरायचा, तर प्रतिभाच हवी. ती आपल्याकडे आहे. डावीकडच्या चौकटीत जुन्या दंड संहितेचं कलम 354, म्हणजे विनयभंग, आणि उजवीकडच्या चौकटीत ‘दांडगा लोकसंपर्क’. डावीकडे 376, म्हणजे बलात्कार, उजवीकडे ‘तळागाळात काम, गुन्हे राजकीय सूडबुद्धीतून’. या दोन चौकटींमधली रेघ आपण ज्या सहजतेने ओलांडता, ती भल्याभल्या कादंबरीकारांना जमत नाही.

आपल्यातले काही लेखक आळशी निघाले, हे खरं. बिहारच्या 2020 च्या निवडणुकीत आदेश नीट न पाळल्याबद्दल न्यायालयाने पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये आठ पक्षांना दंड केला. भाजप, काँग्रेस, राजद वगैरेंना एक-एक लाख, तर राष्ट्रवादी आणि मार्क्सवाद्यांना पाच-पाच लाख. एका सभेचा मांडवही एवढ्यात उभा राहत नाही. तेव्हा काळजीचं कारण नाही, लिहीत राहा.

आपल्याकडे विषयांचा तुटवडाही नाही. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सने 2024 मध्ये खासदार-आमदारांची प्रतिज्ञापत्रं चाळली, तेव्हा महिलांवरील गुन्ह्यांचे खटले स्वतःच जाहीर केलेले 151 लोकप्रतिनिधी निघाले. त्यांतल्या 16 जणांवर बलात्काराचा गुन्हा होता.

आता आपण म्हणाल, बाई, आरोप म्हणजे शिक्षा नव्हे. मान्य. खोटी तक्रार होऊ शकते, हेही मान्य. पण न्यायालयापुढचा प्रश्न ‘या माणसाला तुरुंगात टाकायचं का’ हा आहे. पक्षापुढचा प्रश्न ‘या माणसाला व्यासपीठावर बसवायचं का’ एवढाच आहे. तुमचं तिकीट काही मूलभूत हक्क नाही. ते एरवी जात पाहून, पैसा पाहून, कधी कुणाच्या रुसव्याफुगव्यावरून कापता. तेव्हा नाही कुणी पुराव्याची वाट पाहत. बाईची तक्रार आली की मात्र तुमच्या पक्षाला अचानक न्यायशास्त्र आठवतं आणि ‘कायदा आपलं काम करील’ म्हणून हात झटकले जातात.

गावचा तलाठी घ्या. 48 तासांहून जास्त कोठडी झाली की सरकारी नोकर निलंबित झाला असंच धरतात, दोषी असो वा नसो. आता उत्तर प्रदेशातलं उन्नाव घ्या. भाजपचे आमदार कुलदीपसिंह सेंगर यांना एप्रिल 2018 मध्ये सीबीआयने बलात्काराच्या आरोपावरून अटक केली. तक्रारदार मुलीने मुख्यमंत्र्यांच्या घरासमोर पेटवून घ्यायचा प्रयत्न केला होता आणि दुसऱ्याच दिवशी तिचे वडील कोठडीत मरण पावले होते. पक्षाने हकालपट्टी केली 1 ऑगस्ट 2019 ला. म्हणजे तिच्या गाडीला ट्रकने धडक देऊन तिच्या दोन नातेवाईक बायका दगावल्या, त्यानंतर चार दिवसांनी. आमदारकी गेली ती डिसेंबर 2019 मध्ये जन्मठेप झाली तेव्हा. अटक ते जन्मठेप हे 20 महिने माननीय सदस्य तुरुंगात होते आणि सदस्यही होते. तलाठ्याला निदान या गोष्टीचा हेवा वाटत असणार.

गोव्यात काम अधिक सुबक झालं. डिसेंबर 2021 मध्ये लैंगिक शोषणाचे आरोप झाल्यावर नगरविकास मंत्री मिलिंद नाईक यांनी राजीनामा दिला. आरोप त्यांनी फेटाळले. चौकशी निःपक्ष व्हावी म्हणून पद सोडलं, असं सांगण्यात आलं. छान. दोनच महिन्यांत, फेब्रुवारी 2022 मध्ये, तेच मुरगावमधून भाजपचे उमेदवार होते. मंत्रिपदाने चौकशीला बाधा येते, उमेदवारीने येत नाही, हा बारकावा मला आपल्यामुळे कळला. ते हरले. (त्यांना हरवणारे काँग्रेसचे आमदार त्याच सप्टेंबरात भाजपमध्ये गेले. पण तो आपल्या रकान्याचा विषय नाही.)

केरळात आपले डावे सहकारी वादपटू निघाले. 2024 मध्ये अभिनेते-आमदार मुकेश यांच्यावर बलात्काराचा गुन्हा दाखल झाला, तेव्हा डाव्या आघाडीचे त्या वेळचे निमंत्रक जयराजन यांचा युक्तिवाद असा होता : काँग्रेसच्या दोन आमदारांवर असेच गुन्हे होते, त्यांनी राजीनामा दिला नाही, त्यांनी दिला तर हेही देतील. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हे जुनं झालं. आता दोन्ही कार्टी समोरासमोर उभी करायची आणि दोघांनाही खाऊ द्यायचा. तक्रार करणाऱ्या बायका या हिशेबात कुठे येतात, ते मात्र समजलं नाही.

सगळ्यात नाजूक कामगिरी कैसरगंजची. जानेवारी 2023 मध्ये देशाला पदकं आणून देणाऱ्या कुस्तीगीर मुली लैंगिक छळाची तक्रार घेऊन जंतरमंतरवर बसल्या. समिती नेमली. समितीचा अहवाल काही लोकांसमोर आला नाही. मुली एप्रिलमध्ये पुन्हा बसल्या, सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे गुन्हा नोंदला गेला. 28 मे रोजी नव्या संसदेचं उद्घाटन चालू असताना त्यांना रस्त्यावरून फरफटत गाडीत घातलं. ज्यांच्यावर आरोप होते ते कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष आणि कैसरगंजचे भाजप खासदार ब्रिजभूषण शरण सिंह यांनी ते नाकारले आहेत. अल्पवयीन मुलीच्या तक्रारीचं प्रकरण 2025 मध्ये बंद झालं आणि बाकी कुस्तीगीरांच्या तक्रारींवर खटला उभा राहिला. पण 2024 च्या निवडणुकीत पक्षाने काय केलं? तिकीट त्यांच्या मुलाला दिलं. मुलाचा या खटल्याशी काही संबंध नाही, त्यामुळे आपल्या रकान्यात हा विषय येण्याचं कारणच उरलं नाही. एक शब्द न लिहिता साधलेला हा परिणाम, लेखक म्हणून आपल्याला हेवा वाटावा असाच. मतदारांनी मुलाला निवडूनही दिलं. त्यात माझ्यासारखेच लोक होते, हे मी विसरलेले नाही.

या सगळ्यात आपल्याला कायद्याचं कवचही आहे. दहा माणसं कामाला असलेल्या बिस्किटांच्या कारखान्यात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते, नाही नेमली तर दंड. कोट्यवधी सदस्यांच्या पक्षाला ती सक्ती नाही, कारण कार्यकर्ती म्हणजे नोकर नव्हे आणि पक्ष म्हणजे मालक नव्हे. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पक्षांना या कायद्याखाली आणायची मागणी फेटाळली. सतरंज्या उचलणाऱ्या, घरोघर चिठ्ठ्या वाटणाऱ्या, रात्री अकराला जिल्हाध्यक्षांच्या गाडीतून घरी सोडल्या जाणाऱ्या मुलीने तक्रार करायची कुणाकडे? जिल्हाध्यक्षांकडे.

कर्नाटकातल्या हासनबद्दल मात्र थोडं गंभीर लिहिते. 26 एप्रिल 2024 च्या मतदानाआधी तिथे पेनड्राइव्ह वाटले गेले. त्यांत खासदार प्रज्वल रेवण्णा यांच्या चित्रफिती होत्या आणि बायकांचे चेहरे होते. तिथल्या भाजपच्या एका नेत्याने नंतर सांगितलं की, या चित्रफितींबद्दल त्याने डिसेंबर 2023 मध्येच पत्राने आपल्या पक्षाच्या प्रदेश नेतृत्वाला सावध केलं होतं. भाजप आणि जनता दल (धर्मनिरपेक्ष) यांच्या युतीने उमेदवार बदलला नाही. मतदान संपताच खासदार राजनैतिक पासपोर्टवर जर्मनीला गेले, मग जनता दलाने 30 एप्रिलला त्यांचं निलंबन केलं. मत पेटीत पडल्यावर सदसद्विवेक जागा होतो, हा आपल्या क्षेत्रातला जुना अनुभव. कुटुंबाच्या फार्महाउसवर काम करणाऱ्या एका बाईची साडी न्यायालयात आली. त्या साडीवरच्या डीएनएने साक्ष दिली. ऑगस्ट 2025 मध्ये जन्मठेप झाली आणि 11 लाख 25 हजार रुपये त्या बाईला द्यायचा आदेश झाला. माजी पंतप्रधानांच्या नातवापुढे ती उभी राहिली, तेव्हा तिच्यामागे एकही पक्ष नव्हता.

तर आता विनंती. नमुन्याच्या शेवटी एका पदाधिकाऱ्याची सही असते. बैठकीत हे नाव ज्याने पुढे रेटलं आणि ज्याने ‘चालेल’ म्हटलं, त्यांची नावं त्यात कुठेच नसतात. उद्या शिक्षा झाली तर उमेदवार तुरुंगात जातो, पक्ष ‘आमचा संबंध नाही’ म्हणतो आणि तिकीट देणारे पुढच्या यादीला बसतात. म्हणून ‘निवडीची कारणे’ याखाली एक ओळ वाढवा : शिफारस करणाऱ्या नेत्याचं नाव. कारण कितीही खोटं लिहा, मला हरकत नाही. नाव तेवढं खरं लिहा आणि ठळक टायपात छापा.

कळावे,
आपली,
एक मतदार