फुकटचं दोहादर्शन

बोस्टनचं सगळ्यांत स्वस्त तिकीट काढलं की दोह्यात अख्खा दिवस पडून राहावं लागतं, ही गोष्ट मी घरी वेगळ्या तऱ्हेने मांडली. "वाटेत एक देश फुकटात बघून होतोय," असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो. काकांनी शंका काढलीच, "म्हणजे दिवसभर विमानतळावर लोळणार?" त्यांच्या तोंडावर मी कॉर्निश, सूक वाकिफ आणि आय. एम. पेई अशी नावं फेकली. त्यातलं पेई हे खाण्याचं आहे की माणसाचं, हे मलाही आदल्याच रात्री कळलं होतं. काका मात्र गप्प झाले.

आता सामान. अमेरिकेला निघालेल्या माणसाला 23 किलोच्या दोन बॅगा नेता येतात आणि आईच्या मते कुकर त्यात धरायचा नसतो. हुकाच्या काट्याने दोन किलो जास्त दाखवल्यावर तोडही तिनेच काढली : थंडीचं जॅकेट अंगातच घाल, अंगावरचं कोण तोलतंय! युक्ती इतकी बिनतोड होती की मग तिला धरबंद राहिला नाही. आतल्या खिशात गोडा मसाला, बाहेरच्या खिशात मेतकूट, डावीकडे चार्जर, उजवीकडे डिंकाचे लाडू. हात शरीराला टेकत नव्हते, अशा थाटात मी भारत सोडला.

दोह्याच्या विमानतळावर जॅकेट आणि पाठीवरची सॅक ठेवायची सोय होती, पण तिला पैसे पडत होते. फुकटच्या सहलीत पैसे कसले घालायचे? जॅकेट काढून हातात घेऊन पाहिलं तर लाडू घरंगळायला लागले. पुन्हा अंगात चढवलं.

ऑगस्ट महिना होता. मेट्रोच्या गार स्टेशनातून वर आलो आणि चष्म्याच्या काचांवर एका क्षणात वाफ धरली. समुद्र जवळ असल्याने तिथल्या उन्हाळ्याला दमटपणाचीही जोड असते. मी समोरच्या खांबाला "सॉरी" म्हणून पुढे सरकलो.

कॉर्निश म्हणजे खाडीच्या कडेने गेलेला सातेक किलोमीटरचा रस्ता. फोटोत त्यावर माणसं धावताना दिसतात. ते फोटो जानेवारीतले असावेत. त्या दुपारी रस्त्यावर मी आणि माझं जॅकेट एवढेच होतो. एका झाडाच्या बुंध्याशी एक नेपाळी मजूर डबा उघडून बसला होता. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि हिंदीत म्हणाला, "भैया, इस वक्त तो हमें भी काम पर नहीं भेजते." खरंच होतं ते. कतारमध्ये 1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. ज्या वेळेत मजुरी देऊनही कोणाला उन्हात उभं करता येत नाही, नेमक्या त्या वेळेत मी हौसेने निघालो होतो. मी त्याला लाडू देऊ केला. तूप वितळून लाडवाचा शिरा झाला होता. त्याने तोही चमच्याने खाल्ला.

इस्लामी कला संग्रहालयाच्या दारात माझ्या जॅकेटची झडती झाली. पहारेकऱ्याने पुडी काढली, सुतळीची गाठ नखाने सोडवली, आतली काळसर भुकटी नाकाशी नेली आणि जी शिंकांची माळ लावली ती लावली. "आमटी," मी म्हणालो. याहून चांगला खुलासा त्या क्षणी सुचला नाही. डोळे पुसत त्याने स्वतःच गाठ मारून पुडी परत दिली. इतका सभ्य माणूस मला त्या दिवसात दुसरा भेटला नाही.

वास्तुकार पेईंची ही इमारत 2008 साली खुली झाली तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. तिच्यासाठी समुद्रात मुद्दाम बेट घातलंय. मी मुख्यतः तिचा एसी पाहिला. पण एका काचेपाशी थबकलो : शाहजहानचा जेडचा ताईत, साल 1631-32. मुमताज गेली ती 1631 मध्येच, बऱ्हाणपूरला. आमची मावशी रावेरला राहते, तिथून बऱ्हाणपूर तासाभराच्या आत. दर मे महिन्यात ती "चल, किल्ला दाखवते" म्हणायची आणि मी "ऊन फार आहे गं" म्हणून कूलरसमोर लोळायचो.

संध्याकाळी सूक वाकिफच्या बाजारात बहिरी ससाण्यांची दुकानं पाहिली. डोळ्यांवर चामड्याची टोपी घालून पक्षी गारव्यात आरामात बसले होते. कतार एअरवेज ससाण्यांना प्रवाशांबरोबर केबिनमध्ये घेते. त्यांच्या अंगावर जन्मतःच पिसं आहेत, त्याबद्दल कोणी काही म्हणत नाही. मी मात्र परतताना विमानतळावर पुन्हा खिसे रिकामे करत होतो.

काकांना मी फोनवर "झकास झालं" एवढंच सांगितलं. तुम्हाला खरं सांगतो. उन्हाळ्यात दोह्यात दिवस काढायची वेळ आली, तर मेट्रोचा दिवसभराचा पास घ्या. मी गेलो तेव्हा तो 6 रियालला होता. डबे थंडगार असतात, तिथे जॅकेट घालूनही बसता येतं.